पहिली ऑर्डर कोण देणार? सांगली जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली.

विषय : जिल्ह्यातील सरकारी खरेदीत आणि कामांत स्थानिक नवउद्योजकांना वाटा मिळण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालवते. सांगलीतच शिकलेली मेकॅनिकल इंजिनिअर आहे. शाळेचे बाक, दवाखान्यातल्या कॉट आणि सलाइन स्टँड, ग्रामपंचायतीच्या घंटागाडीची बॉडी, पाण्याच्या टाकीचे जिने अशी कामं आम्ही करतो. शेड आणि मशिनरी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मिळालेल्या कर्जावर उभी राहिली. म्हणजे माझा कारखाना सुरू व्हावा असं शासनालाच वाटलं. जिल्हा उद्योग केंद्राने प्रस्ताव मंजूर केला, बँकेकडे शिफारस केली, अनुदान दिलं. पण त्याच शासनाला बाक विकत घ्यायचे असतात तेव्हा मी त्याच्या लेखी अपात्र ठरते. हे मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

निमित्त असं घडलं. जिल्ह्यातल्या एका कार्यालयाने नुकतीच शाळांच्या बाकांची निविदा काढली. पूर्वी ही खरेदी तालुकावार, लहान लहान तुकड्यांत होत असे. यंदा शिराळ्यापासून जतपर्यंत दहाही तालुके एकाच निविदेत घातले. अटी अशा : गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल काही कोटींची हवी, तेवढ्याच मोठ्या समान पुरवठ्याचा शासकीय अनुभव हवा, लाखाच्या घरातली बयाणा रक्कम हवी आणि सगळा माल तीस दिवसांत पोहोचवायला हवा. कुपवाड, मिरज, पलूस, कडेगाव इथल्या आम्हा लहान कारखानदारांपैकी एकही या चाळणीतून खाली येत नाही. आम्ही काही जणांनी मिळून निवेदन दिलं. अटी वरून ठरल्या आहेत, एवढंच तोंडी उत्तर मिळालं. वरून म्हणजे कुठून, हे कुणी सांगितलं नाही. या खरेदीचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतला आहे आणि त्या योजनेला मंजुरी आपली समिती देते, म्हणून आता आपल्यालाच विचारते आहे. इतर लोकांनीही वाचावं म्हणून उघडपणे विचारते आहे.

सगळ्यात आधी अनुभवाच्या दाखल्याविषयी, कारण बाकी सगळं त्यातून निघतं.

शासकीय पुरवठ्याचा अनुभव असल्याशिवाय शासकीय ऑर्डर नाही, आणि ऑर्डर मिळाल्याशिवाय अनुभव नाही. नव्या माणसाने या चक्रात शिरायचं कुठून? खासगी कंपन्यांना आम्ही माल देतो, त्यांचे क्वालिटीवाले येऊन व्हर्नियर लावून मापं तपासतात, पसंत पडला तरच माल उचलतात. तो अनुभव निविदेत धरला जात नाही. मग होतं काय, तर निविदा जिल्ह्याबाहेरचा एखादा पुरवठादार घेतो. बऱ्याचदा त्याचा स्वतःचा कारखानाच नसतो, तो व्यापारी असतो. निविदा हातात पडली की तो फोन फिरवतो आणि सांगली-कोल्हापूरकडच्या लहान शेडवाल्यांकडून जॉबवर्कने बाक करून घेतो. आम्हीही असं काम केलं आहे. पाइप आमच्याच कटरवर कापला गेला, वेल्डिंग आमच्याच पोरांनी केलं, पावडर कोटिंगही इथेच झालं. बाकावर पट्टी मात्र त्याच्या नावाची लागली. शाळेने माल मिळाल्याची पोच त्याच्या नावाने दिली आणि काम समाधानकारक झाल्याचा दाखलाही त्याच्याच फाइलला गेला. पुढच्या वर्षी तो दाखला जोडून तो पुन्हा पात्र, आणि ज्यांनी बाक केले ते पुन्हा अपात्र. दर किती मिळाला हे लिहायला मला संकोच वाटत नाही : निविदेत मंजूर झालेल्या दराच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यातून स्टीलचा भाव, वीजबिल आणि कामगारांचा आठवड्याचा पगार भागवायचा. मधल्या फरकाचे पैसे जिल्ह्याच्या योजनेतले होते. ते जिल्ह्यात राहिले नाहीत आणि शाळेला त्यातून जास्तीचं काही मिळालंही नाही.

गुणवत्तेसाठी मोठ्या अटी घालाव्या लागतात, असं सांगितलं जातं. त्यावर एक पाहिलेली गोष्ट सांगते. जत तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला बाक दुरुस्तीसाठी बोलावलं. येऊन फार तर वर्ष झालेले बाक होते, अशाच एका मोठ्या एकत्रित खरेदीतले. उलटे करून पाहिले तेव्हा पायांच्या जोडांना नुसते टॅक मारलेले, सलग वेल्डिंग नव्हतंच. पाइप अठरा गेज लिहिलेला, हाताला मात्र पातळ लागत होता. वेल्डिंगनंतर तेल-गंज काढण्याची आणि फॉस्फेटिंगची पायरी गाळून थेट पावडर मारली की पहिल्याच पावसाळ्यात जोडाजवळ रंग फुगतो आणि आतून गंज धरतो. इथे तेच झालं होतं. तिसरी-चौथीची मुलं डुगडुगत्या बाकावर एका बाजूला रेलून लिहीत होती. आम्ही जोड घासले, पुन्हा वेल्ड केले, रंग दिला. पैसे शाळा व्यवस्थापन समितीने गोळा करून दिले. कोट्यवधींची उलाढाल पाहून निवडलेल्या पुरवठादाराच्या मालाची ही अवस्था होती, आणि हमीच्या काळात त्याच्याकडून कुणी फिरकलंही नव्हतं. तो पुरवठादार कोण, यात मला रस नाही. उलाढालीचा आकडा वेल्डिंगच्या जोडाची खात्री देत नाही, एवढं ध्यानात घ्यावं. ती खात्री मालाचा नमुना तपासून होते आणि माल बनवणारा हाकेच्या अंतरावर असला की होते.

आता नियमांविषयी. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण आणलं. २०१८ पासून त्यानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेचे कागद मोफत आणि बयाणा रक्कम माफ. लहान उद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याला कमी दराला माल देण्याची संधी देऊन खरेदीतला काही भाग द्यायचा, अशीही तरतूद आहे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत २०१७ पासून नवउद्योगांसाठी पूर्वीची उलाढाल आणि अनुभव या दोन्ही अटी शिथिल करता येतात. गुणवत्तेच्या आणि तांत्रिक निकषांत तडजोड करायची नाही, एवढंच बंधन.

हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत आणि जिल्ह्यातल्या कार्यालयांवर ते थेट बंधनकारक नाहीत, हे मला माहीत आहे. पण देशाच्या सरकारला जी गोष्ट शहाणपणाची वाटली ती जिल्ह्याने करू नये असं कुठे लिहिलं आहे? आणि जिथे सूट देणं कार्यालयाच्या हातात असतं तिथेही ती दिली जात नाही. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या निविदेत दोन ओळी असतात. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना अनुभव व उलाढालीतून सूट आहे का, ही एक. स्टार्टअपला आहे का, ही दुसरी. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने तिथे हो किंवा नाही निवडायचं असतं. मी पाहिलेल्या बहुतेक निविदांत दोन्हीकडे 'नाही' असतं. ते का निवडलं याचं कारण कुठल्याही फाइलवर नोंदवावं लागत नाही. एका क्लिकवर जिल्ह्यातले सगळे नवे कारखाने बाहेर राहतात.

राज्य शासनालाही ही गोष्ट नवी नाही. २०१८ च्या राज्य स्टार्टअप धोरणानंतर महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्योगांना शासकीय विभागांकडून १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश थेट दिले गेले. म्हणजे नव्या माणसाला पहिली ऑर्डर शासन देऊ शकतं. पण मोबाइल ॲप बनवणाऱ्याला ती मिळते आणि लोखंडी कॉट बनवणाऱ्याला मिळत नाही. ज्या जिल्ह्यात हळदीवर प्रक्रिया होते, बेदाणा तयार होतो, फाउंड्री आणि मशीन शॉप चालतात, तिथल्या नवउद्योगाची व्याख्या जरा मोठी करावी लागेल.

मोठ्या पॅकेजच्या मोहाबद्दलही बोललं पाहिजे. एकच निविदा, एकच करार, एकच बिल : कार्यालयाचं काम हलकं होतं हे खरं. पण २०२४-२५ मध्ये शाळेच्या गणवेशाचं काय झालं हे सगळ्या पालकांनी पाहिलं. त्याआधी शाळा व्यवस्थापन समित्या गावातल्या शिंप्याकडून किंवा तालुक्याच्या दुकानातून गणवेश घेत. 'एक राज्य, एक गणवेश' आल्यावर कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे आली. बचत गटांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता. पण कापड वरून उशिरा आलं, मापं चुकली आणि कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुलं जुन्याच कपड्यांत होती. शेवटी शासनाला तो निर्णय फिरवून २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावी लागली. दोष शिवणाऱ्या बायकांचा नव्हता. सगळं एका हाती गोळा करण्याच्या हट्टाचा होता. तोच हट्ट आता बाकांच्या बाबतीत दिसतो आहे.

तांत्रिक वर्णन एखाद्या ठरावीक कंपनीच्या कॅटलॉगमधून जसंच्या तसं उतरवलेलं असतं, ही तक्रार जुनीच आहे, मी ती लांबवत नाही. निविदा भरायला दिलेला वेळ आणि ऐनवेळी निघणारी शुद्धिपत्रकं यांचंही तसंच. मार्चअखेरची घाई मात्र सांगितलीच पाहिजे. निधी वर्षभर पडून राहतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डर निघते. ऑर्डर आल्यावर माल बनवणाऱ्याला पाइप आणायला, कापायला, वेल्ड करायला, रंगवायला दिवस लागतात. गोदामात तयार माल ठेवून बसलेल्या व्यापाऱ्याला लागत नाहीत. तीस दिवसांची मुदत दिसायला सगळ्यांना सारखी असते, प्रत्यक्षात ती कारखानदाराला बाहेर काढते.

आणि पैसे.

लहान उद्योग सरकारी काम घ्यायला घाबरतात ते इथे. बिल दिल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावाच लागतो, कार्यालयाने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे जो पैसा हातात आलेला नाही त्यावरचा कर मी आधी भरते, तोही कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या उधारीतून, त्यावर व्याज देऊन. कार्यालयात विचारलं तर 'निधी आला नाही' असं उत्तर. निधी नव्हता तर ऑर्डर कशी निघाली? २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यायचं आहे. दाद मागायला सुविधा परिषद आहे, २०१७ पासून थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी समाधान पोर्टल आहे. आमच्यातला कुणी तिथे सहसा जात नाही. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार करायची त्याच कार्यालयाच्या दारात पुढच्या निविदेसाठी उभं राहायचं असतं. कायदा कागदावर भक्कम आहे, तो वापरायची हिंमत लहान माणसाला होत नाही, आणि कार्यालयांनाही हे चांगलं माहीत आहे.

जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीवन संपवलं. जलजीवन मिशनच्या कामांची मोठी रक्कम थकल्याच्या बातम्या आल्या. त्याच्या नावावर शासनाकडे बिल नव्हतं, तो उपकंत्राटदार असावा, असा खुलासा शासनाकडून आला. त्या घरावर काय ओढवलं याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि माणूस असं पाऊल का उचलतो हे बाहेरून कुणी ठामपणे सांगू नये. पण त्या खुलाशाबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे, कारण मीसुद्धा उपकंत्राटावर काम केलं आहे. उपकंत्राटदार म्हणजे जो खड्डा खणतो, पाइप टाकतो, वेल्डिंग करतो, मजुरांना शनिवारी पैसे देतो आणि शासनाच्या वहीत कुठेच नसतो. तरुण मुलं उपकंत्राट हौसेने घेत नाहीत. थेट कामासाठी पात्र ठरत नाहीत म्हणून घेतात. त्यांना दाराबाहेर उभं करणाऱ्या अटी शासनानेच घातलेल्या आहेत. मग तो आमच्या यादीत नाही एवढं म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत.

स्थानिकांना वाटा दिला की तो वाटा कोण खातं, हा प्रश्न आपण विचाराल. तो रास्त आहे. बांधकामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामांचा हिस्सा राखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षं आहे. काही होतकरू मुलांना त्यातून खरंच पाय रोवता आले. पण नाव एकाचं आणि काम करणारा भलताच, हेही गावोगाव घडतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून नुसतं 'स्थानिकांना द्या' असं मी म्हणत नाही. पडताळणी करा, आणि ती अवघड नाही. महावितरणचं औद्योगिक जोडणीचं वर्षभराचं बिल पाहा. जिथे खरोखर मशीन चालतं तिथलं बिल लपत नाही. कामगारांची ईएसआय-पीएफची नोंद पाहा. एखाद्या अभियंत्याला न कळवता शेडवर पाठवा. ज्याच्याकडे वेल्डिंग मशीनच नाही त्याला बाकाची ऑर्डर देऊ नका, मग तो सांगलीचा असो की कुणाच्या जवळचा असो. आमचा माल नमुन्यात नापास झाला तर आम्हालाही बाहेर काढा, फक्त कारण लेखी द्या.

या मातीत सत्तेने नव्या उद्योगाला हात दिल्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जागा दिली, पैशाची मदत केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज आपल्याच पलूस तालुक्यात आहे. पुढे या जिल्ह्यातले साखर कारखाने उभे राहिले तेव्हा शासनाने भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली. तेव्हा कुणी शेतकऱ्यांकडे साखर बनवण्याचा तीन वर्षांचा अनुभव मागितला असता, तर आज कृष्णाकाठ वेगळाच दिसला असता.

उद्योगी माणसांची इथे वाण नाही. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेली, परक्या भाषेच्या गावांत दुकानं थाटून बसली. सांगलीचं वालचंद महाविद्यालय, मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन, आष्टा आणि साखराळे इथली महाविद्यालयं इथून दरवर्षी मुलं अभियांत्रिकी शिकून बाहेर पडतात आणि बहुतेक चाकण-हिंजवडीची वाट धरतात. आमच्याकडे काम करून गेलेला एक हुशार वेल्डर आज चाकणला रोबोटिक लाइनवर आहे, चांगला कमावतो, मला त्याचा आनंदच आहे. पण त्याला इथे राहायचं होतं. सहा महिने काम आणि सहा महिने रिकामं, अशा शेडमध्ये मी त्याला धरून ठेवू शकले नाही. सरकारी ऑर्डर फार फायद्याची असते अशातला भाग नाही. मात्र पुढच्या वर्षी अमुक इतके बाक लागणार आहेत हे आधी कळलं, तर माणूस ठेवता येतो, मशीन घेता येतं, बँकेपुढे कागद ठेवता येतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत.

१. शाळांच्या बाकांची सध्याची एकत्रित निविदा थांबवून ती तालुकावार काढावी. यापुढे जिल्हा वार्षिक योजनेतली कोणतीही खरेदी एकत्र करायची असेल, तर का करायची याचं कारण फाइलवर आणि संकेतस्थळावर लिहावं.

२. जिल्हा वार्षिक योजनेतून होणाऱ्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी उद्यम नोंदणी असलेल्या, प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून व्हावी असा ठराव आपण करावा आणि गरज असेल तिथे राज्य शासनाची मान्यता घ्यावी. त्यात पहिल्यांदाच शासनाला पुरवठा करणाऱ्यांसाठी वेगळा हिस्सा असावा. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी केंद्राच्या धोरणाइतका तरी असावा.

३. लहान रकमेच्या खरेदीत उलाढाल आणि शासकीय अनुभवाची अट नसावी. खासगी कंपन्यांना केलेला पुरवठा अनुभव म्हणून धरावा. या अटींऐवजी मालाचा नमुना मागवावा आणि तो जिल्ह्यातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पाइपची जाडी, जोडाची ताकद, रंगाची पकड हे सगळं तपासता येतं. तपासणीचा खर्च आम्ही भरू.

४. जेमवर सूट देण्याच्या ओळीत 'नाही' निवडणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचं कारण लिहून सही करावी.

५. वर्षात काय, किती आणि साधारण कधी घ्यायचं आहे याची यादी एप्रिल-मेमध्येच जाहीर करावी. अंदाज चुकला तर चालेल, बदल कळवावा.

६. निधी हातात असल्याशिवाय पुरवठा आदेश किंवा कार्यारंभ आदेश निघू नये. निघाला तर ४५ दिवसांत पैसे मिळावेत. कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या तारखेचं बिल अडकलं आहे याची यादी दर महिन्याला जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावी. क्रम डावलून बिल काढलं तर ते त्या यादीतच दिसेल. व्याजासाठी परिषदेकडे जाणाऱ्या पुरवठादाराला पुढच्या निविदेत त्रास होणार नाही, अशी लेखी हमी मिळावी.

७. मोठं काम घेणाऱ्याने कुणाकुणाला उपकंत्राट दिलं आहे हे कार्यालयाकडे नोंदवलंच पाहिजे. त्यांचे पैसे चुकते झाल्याची कागदपत्रं जोडल्याशिवाय मुख्य कंत्राटदाराचं पुढचं बिल निघू नये. ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याला त्या कामाचा दाखला मिळावा. ही मागणी मान्य करायला एका रुपयाचा खर्च नाही, आणि माझ्या मते आजच्या आज करता येण्यासारखी हीच आहे.

८. जिल्हा उद्योग केंद्रात निविदा भरायला शिकवणारा एक तरी माणूस बसवावा. डिजिटल स्वाक्षरी कशी लावायची, तांत्रिक लिफाफ्यात काय घालायचं आणि आर्थिक लिफाफ्यात काय, यातच पोरं अडकतात आणि मग दलालाला पैसे देतात.

समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि आमच्यापैकी दोघांना दहा मिनिटं म्हणणं मांडू द्यावं, ही विनंती. जी मागणी मान्य करता येणार नाही तिच्यापुढे कारण लिहून उत्तर पाठवावं. ते उत्तर आम्ही कुपवाड आणि मिरजेतल्या बाकीच्या कारखानदारांना वाचून दाखवू. आपल्यापैकी कुणाला आमचं काम पाहायचं असेल तर शेड उघडी आहे, न कळवता आलात तरी चालेल. एक बाक उलटा करून जोड दाखवू, आणि शेजारी त्या शाळेतून दुरुस्तीला आलेला बाकही ठेवू.

आपली,
एक लघुउद्योजिका,
कुपवाड एमआयडीसी, जि. सांगली